दुसऱ्या बाळंतपणानंतर काय वापरावं? कॉपर-टी, छाया गोळी, अंतरा इंजेक्शन की ऑपरेशन? मदत हवी आहे

अनामिका_बडोदा

नमस्कार. वय ३१, राहणार बडोदा, दांडिया बाजार. मोठी मुलगी पाच वर्षांची, धाकटा साडेचार महिन्यांचा. दोन्ही वेळा सिझर. तिसरं मूल नको हे आम्हा दोघांचं पक्कं आहे. पुढे काय करायचं याबद्दल मात्र घरात सगळे बोलतात आणि मला कोणी विचारत नाही.

धाकट्याच्या वेळी मी टेबलावर होते. हुडहुडी भरलेली, दात वाजत होते, बाळाचा पहिला आवाज नुकताच कानावर आला होता. तेवढ्यात पडद्यापलीकडून विचारलं, "कॉपर-टी बसवून टाकायची का? सही लागेल." मी घाबरून नाही म्हटलं. नऊ महिने दर तपासणीला जात होते, तेव्हा एकदाही कोणी हा विषय काढला नव्हता. पाच मिनिटं समजावून सांगितलं असतं तर कदाचित मी हो म्हटलं असतं. त्याचं वाईट अजून वाटतं.

सासूबाई म्हणतात, एकदाचं ऑपरेशन करून मोकळी हो, त्यांचंही दुसऱ्या मुलानंतर झालं होतं. त्या माणूस म्हणून फार चांगल्या आहेत, चार महिने मला अळीव-डिंक खाऊ घालून त्यांनीच उभं केलंय. पण तिसऱ्यांदा पोटाला हात लावू द्यायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. नवऱ्याकडे नसबंदीचा विषय काढला तर तो गप्प होतो. फार तर एवढंच म्हणतो, कामावर वजन उचलावं लागतं.

गेल्या आठवड्यात तो औषधाच्या दुकानातून गोळ्यांचं पाकीट घेऊन आला. २१ पांढऱ्या, ७ तपकिरी. दुकानदाराने ना माझं वय विचारलं, ना बाळ अंगावर पितं का ते. पाकीट देव्हाऱ्याखालच्या खणात तसंच पडून आहे.

माझी माहिती अशी. बाळ अंगावर पितं, पण रात्री एक बाटली वरचं दूध देतो. पाळी अजून आलेली नाही. रक्तदाब ठीक. हिमोग्लोबिन ९.६. कॉलेजपासून अर्धशिशी आहे. डोकं दुखायच्या आधी वीसेक मिनिटं डोळ्यापुढे चकाकणाऱ्या वाकड्यातिकड्या रेघा येतात, एकदा तर मोबाईलवरच्या शब्दांची अर्धी अक्षरंच दिसेनाशी झाली होती. तीन आठवड्यांपूर्वी निरोध फाटला म्हणून ७२ तासांची गोळी घेतली.

या गोळ्या सुरू करू का? नाही, तर काय करू? कोणत्या उपायाचा धोका किती, हे मला नीट समजून घ्यायचं आहे. बुधवारी डॉक्टरांकडे जाणार आहे.

जुनी_परिचारिका

अगं, आधी एक काम कर. ते पाकीट उघडू नकोस.

मी प्रसूतिकक्षात नोकरी करून निवृत्त झाले. तुझ्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या चकाकणाऱ्या रेघा. डोकेदुखीआधी असं काही दिसणाऱ्या अर्धशिशीला डॉक्टर 'ऑरा असलेली मायग्रेन' म्हणतात. त्या पांढऱ्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोन्स असतात (तपकिरी सात नुसत्या लोहाच्या). त्यांनी बीज बाहेर पडणं थांबतं, गोळी चांगली काम करते, लाखो बायका निर्धास्त घेतात. पण इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याकडे कल वाढतो, आणि ऑरा असलेल्या बाईला मेंदूच्या पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा जास्त असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांत अशा बाईला या गोळ्या द्यायच्याच नाहीत असं आहे. शिवाय अंगावर पाजणाऱ्या आईने बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत या टाळायच्याच. त्या रेघांचं डॉक्टरांना स्वतःहून सांग. 'डोकं दुखतं' एवढ्यावर थांबू नकोस, डोळ्यांपुढे काय दिसतं ते सांग.

दुसरं. अंगावर पाजतेय, पाळी नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत, या भरवशावर राहू नकोस. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही आणि बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काहीही नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच तो भरवसा ९८ टक्क्यांपर्यंत असतो. तुझ्याकडे रात्रीची बाटली सुरू झाली, तिथे तो संपला. आणि बीज पहिल्या पाळीच्या आधीच सुटू शकतं, पाळी दिसेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. ७२ तासांच्या गोळीला तीन आठवडे झालेत, म्हणजे आता लघवीची तपासणी खरं उत्तर देईल. काहीही सुरू करण्याआधी ती उद्या सकाळी करून घे. तोवर निरोध.

आता कॉपर-टी. तांब्याचे कण गर्भाशयातल्या स्रावात मिसळतात, त्यात शुक्राणू निकामी होतात आणि बीजापर्यंत पोचत नाहीत. हार्मोन अजिबात नाही, म्हणून तुझ्या अर्धशिशीला आणि दुधाला त्रास नाही. ३८०-ए नावाची कॉपर-टी दहा वर्षं चालते, सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात, काढली की लगेच दिवस राहू शकतात. शंभर बायकांनी वर्षभर वापरली तर एखादीलाच दिवस जातात. एवढं असूनही तुला मी डोळे झाकून घे म्हणणार नाही, कारण तुझं हिमोग्लोबिन. पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते, पोटात कळा येतात. आता तुझी पाळीच नाही म्हणून ते कळायचं नाही, पण ती सुरू झाली की अंगावरून जास्त जाईल. आधी लोहाच्या गोळ्या नेमाने घे, रक्त पुन्हा तपास, मग बसव. गर्भाशयाला छिद्र पडणं एरवी हजारात एखादीला होतं. अंगावर पाजत असताना गर्भाशय मऊ असतं, तेव्हा ही शक्यता काही पटींनी वाढते. तरी दुर्मीळच, पण बसवणारा हात अनुभवी हवा. पहिल्या पाळीनंतर एकदा दाखवून ये, कारण सरकली किंवा पडली तर तेव्हा कळतं.

हार्मोन असलेली लहान टी पण येते, गर्भाशयात प्रोजेस्टिन हळूहळू सोडणारी. तिने उलट पाळी कमी जाते, कधी थांबतेही, म्हणून रक्त कमी असलेल्या बाईला ती बरी. खाजगीत काही हजार रुपये लागतात. अर्धशिशीचं सांगून तिच्याबद्दल डॉक्टरांना विचार.

कारेलीबाग_२०१९

ताई, मी अंतराचं सांगते. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, आमच्या अर्बन हेल्थ सेंटरला फुकट मिळायचं. आशाबेन (आशा कार्यकर्त्या) घरी येऊन तारीख आठवण करून द्यायच्या. दोन वर्षं घेतलं. गोळी रोज लक्षात ठेवायची कटकट नाही, घरात कोणाला दाखवायला लागत नाही, हे मला फार सोयीचं वाटलं.

पण पहिले सहा महिने डाग कधी पडेल सांगता यायचं नाही. त्या वर्षी गणपतीचे दहाही दिवस डाग होता. सासूबाईंनी मोदकाच्या उकडीला हात लावू दिला नाही, मी खोलीच्या दारात बसून सगळ्यांना कळ्या पाडताना बघत होते. नंतर पाळी पूर्ण बंद झाली. ते धोक्याचं नसतं, पण आधी कोणी सांगितलं नसल्यामुळे मी दोनदा घाबरून तपासणीला पळाले. बंद केल्यावर दिवस राहायला दहा महिने लागले. मला दुसरं हवं होतं म्हणून तो काळ जड गेला. तुम्हाला नको आहे, म्हणजे ती अडचण नाही.

जुनी_परिचारिका

बरोबर आहे. शेवटच्या इंजेक्शननंतर सात ते दहा महिने लागतात. ते चालू असताना हाडांची घनता थोडी उतरते, बंद केल्यावर भरून येते. ऑरा असलेल्या बाईला द्यायचं की नाही हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

छायाचं राहिलंच. ती आपल्याकडची, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली गोळी, दुकानात 'सहेली' नावाने १९९१ पासून मिळते. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन दोन्ही त्यात नाही, अंगावर पाजताना चालते. गर्भाशयाचं अस्तर आणि बीज यांचा मेळ ती बसू देत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, पुढे आठवड्यातून एकदा. सुरुवातीला पाळी लांबते, त्यामुळे दिवस गेलेत की काय अशी धाकधूक लागते. अंडाशयात गाठी असतील किंवा नुकतीच कावीळ झाली असेल तर घेऊ नये. तुझ्यासाठी मला ही आणि निरोध असं आत्ताच्या काही महिन्यांसाठी बरं वाटतं, पण वार चुकवणारी असशील तर नको.

वाड्यातली_काकू

कॉपर-टी वर चढून काळजात जाते असं आमच्या वाड्यात सांगतात. एका बाईची म्हणे गेली होती.

जुनी_परिचारिका

काकू, काळजापर्यंत रस्ताच नाही. फार क्वचित छिद्र पडून पोटात सरकते, ती दुर्बिणीने काढतात. ही भीती घेऊन बायका दोन-दोन गर्भपात सोसतात, म्हणून स्पष्ट लिहिते.

आणि मुली, ऑपरेशनचं तूच ठरव. दोनशेत एखादीचंच फसतं, पण ते कायमचं आहे. पोटावर दोन सिझर झाल्यामुळे आत चिकटलेलं असू शकतं, म्हणून दुर्बिणीचं जमेल का हे आधी विचारायला हवं. पुरुषाची नसबंदी याहून सोपी आणि सुरक्षित असते. ज्यांनी केली त्यांच्याकडून ऐकलेलं बरं.

मांजलपूरकर

मी केली आहे, ४ वर्षं झाली. बिनटाक्याची. जागा बधिर केली, पंधरा-वीस मिनिटं लागली, चालत बाहेर आलो. दोन दिवस दुखलं, घट्ट चड्डी आणि बर्फाचा शेक, एक आठवडा वजन उचललं नाही. मीही गोडाऊनवर पोती उतरवतो. नंतर ताकदीत काही फरक नाही, इच्छेतही नाही. फक्त शुक्राणूंची वाट बंद होते, पुरुषाचं हार्मोन रक्तातून जातं, त्याला कोणी हात लावत नाही.

एक गोष्ट कोणी नीट सांगत नाही. नसबंदी झाल्या दिवसापासून भरवसा नसतो. नळीत उरलेले शुक्राणू जायला तीन महिने लागतात. तेवढे दिवस निरोध, मग वीर्यतपासणीत शून्य आल्यावरच मोकळं. माझ्या ओळखीच्या एकाने तपासणी केली नाही, बायकोला दिवस गेले, आणि लोकांनी तिच्याकडे बोट दाखवलं. तपासणी केली असती तर त्या बाईवर ती वेळ आली नसती.

माझी बायको दोन सिझरमधून गेली होती. तिसऱ्यांदा तिलाच टेबलावर पाठवायला मला लाज वाटली.

निवृत्त_शिक्षक

रघुनाथराव कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. शंभर वर्षं उलटली, तरी आपल्या मुलीला अजून टेबलावर झोपवून विचारतात. ताई, तुम्ही नाही म्हणालात त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ते विचारणंच चुकीच्या वेळचं होतं.

अनामिका_बडोदा

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं पाकिटाबद्दलचं वाचून हात थरथरले. सकाळी लघवीची तपासणी केली, एकच रेघ आली, म्हणजे दिवस गेलेले नाहीत. पाकीट परत केलं. दुकानदार घेत नव्हता, मी म्हटलं पैसे नकोत, पण पुढच्या बाईला विचारून द्या.

बुधवारसाठी वहीच्या पानावर लिहून ठेवलंय: रेघा दिसतात हे सांगणे. हिमोग्लोबिन पुन्हा. आत्ता छाया की लगेच टी. हार्मोनची टी चालेल का, किती पैसे. टी बसवल्यावर कधी दाखवायला यायचं.

सासूबाईंना मी हे सगळं वाचून दाखवलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्यांच्या ऑपरेशननंतर सहा महिने कंबर दुखत होती आणि ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बुधवारी त्या बाळाला सांभाळायला सोबत येणार आहेत.

मांजलपूरकर दादा, नवऱ्याने तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पोत्यांचं वाक्य त्याने मोठ्याने वाचलं. विचारतोय की तुमच्याशी फोनवर बोलता येईल का, आणि ती तीन महिन्यांनंतरची तपासणी कुठे करतात.

मांजलपूरकर

येईल ना वहिनी. निरोपात नंबर टाकतो. संध्याकाळी सातनंतर करायला सांगा, तोपर्यंत गोडाऊनवर असतो.