गुरुजींच्या गाडीसाठी वर्गणी काढायची का? (इंदूर, सोसायटीचा ग्रुप)

बी-३०२: नमस्कार मंडळी. काल रात्री गुरुजींची गाडी भंवरकुआं चौकात बंद पडली. मिस्त्रीनं १८,००० सांगितलेत. गुरुजी फार अवघडून म्हणाले, की सोसायटीतून काही जमलं तर बघा, श्रावण संपला की फेडीन. काय करायचं?

सी-१०१: माझे १,००० लिहून घ्या. आपल्या घरचाच माणूस आहे.

ए-२०४: वहिनी, माणसाबद्दल दुमत नाहीच. पण मार्चपासून ही चौथी वेळ. दर वेळी वॉचमन आणि मुलं धक्का मारतात, गाडी सुरू होते, गुरुजी निघतात. शेवटचं सर्व्हिसिंग कधी केलं विचारलं तर म्हणाले, "चालतेय की!" मी पोटाला चिमटा काढून दर १०,००० किलोमीटरला ऑइल बदलतो. ज्यांनी झाकण उघडूनही बघितलं नाही त्यांच्या इंजिनाचे पैसे मी का भरू?

सी-१०१: आमचे सासरे गेले तेव्हा रात्री ११ वाजता, भर पावसात, गुरुजी रामबागेतून आले होते. दक्षिणेला हात लावला नाही. मी ते विसरू शकत नाही.

ए-२०४: मीही विसरलेलो नाही.

बी-१०३: इन्शुरन्समधून मिळत नाही का?

ए-२०४: अपघाताचं मिळतं. इंजिन आपणहून बिघडलं तर नाही.

डी-४०१: लांबेल, पण वाचा. आज सकाळी पळसीकर कॉलनीत मिस्त्रीकडे जाऊन गाडी डोळ्यांनी पाहून आलो. ऑइलचं झाकण काढलं तर आतल्या बाजूला, ताक घुसळताना रवीला चिकटतो तसा पांढरट फेस. डिपस्टिक ओढली, तिच्यावरही दुधाळ चहाचा रंग. म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग, गेलंय आणि पाणी ऑइलमध्ये उतरतंय. रेडिएटरमध्ये कूलंट नावालाही नाही, नुसतं बोरिंगचं पाणी. गीझरच्या कॉइलवर जो क्षार बसतो तोच त्या बारीक नळ्यांत बसलाय, मग इंजिन थंड होणार कसं?

आणि ते पाणी दोनदा मी भरून दिलंय. एकदा एप्रिलमध्ये, एकदा जूनमध्ये, आपल्या गेटवरच्या पाइपनं. काटा लालवर होता, तो खाली आला, गुरुजी आशीर्वाद देऊन निघाले, मलाही बरं वाटलं. पीथमपूरला ३० वर्षं गाड्यांच्या कारखान्यात काढलेला माणूस मी. तेव्हाच म्हणायला हवं होतं, की गुरुजी, ही गाडी आज इथून हलणार नाही. भीड पडली. सकाळपासून तेच खातंय मला.

इंजिन त्यांचं, नुकसान त्यांचं, एवढंच असतं तर मी बोललो नसतो. पण चालत्या गाडीत ब्रेक हलका लागतो तो इंजिन चालू असतं म्हणून. उतारावर इंजिन बंद पडलं तर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, नंतर पॅडल दगडासारखं होतं, स्टिअरिंगही जड होतं. त्यात यांचं ब्रेक ऑइल काळं पडलंय. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं असतं. नाही बदललं तर लांब उतारावर ब्रेक तापतात, त्या ओलाव्याची वाफ होते आणि पाय सरळ खाली जातो.

आता गुरुजी श्रावणात कुठे जातात ते आठवा. दर सोमवारी यजमानांना घेऊन ओंकारेश्वर, म्हणजे सिमरोलच्या पुढे भेरूघाट. आपला श्रावण सुरू व्हायला अजून आठ दिवस आहेत, पण इथल्या हिंदी मंडळींचा गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच लागला. ओंकारेश्वरहून नर्मदेचं पाणी घेऊन उज्जैनला निघालेले कावडिये आत्ता त्याच रस्त्याच्या कडेनं अनवाणी चालताहेत. गाडीच्या वाटेत ते येतील, आपण नाही.

म्हणून मला विचाराल तर मदत करूच, पण गाडी आहे तशी सुरू करून द्यायला मी एक पैसा देणार नाही आणि यापुढे धक्काही मारणार नाही. आधी ब्रेक आणि टायर, मग इंजिन. १८,००० मध्ये मिस्त्रीनं ब्रेक धरलेलेच नाहीत, मी विचारून घेतलं.

बी-१०३: दादा, टायरपण?

डी-४०१: खाचेत छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की १.६ मिलिमीटर उरलं, कायद्यानं तेवढं तरी हवंच. यांच्या पुढच्या दोन्ही टायरना तेही दिसत नाहीत. मागच्या डाव्यावर बाजूला १४१६ छापलंय, म्हणजे २०१६ चा १४ वा आठवडा. भेगांत माझं नख गेलं.

सी-१०१: अरे देवा. मागच्या महिन्यात आमचा चिन्मय त्याच गाडीतून मुंजीला गेला होता.

बी-३०२: तोवर माझी गाडी देऊ का त्यांना?

डी-४०१: गाडी एकटी नको, वहिनी. अनोळखी गाडी पहिल्यांदा घाटात चालवायची नसते. चालवायला आपल्यातलं कोणीतरी बरोबर हवं.

ए-२०४: दोन टायर माझ्याकडून. पण बिल मी दुकानात भरीन, रोख हातात देणार नाही. आणि पुढचं सर्व्हिसिंग कधी, ते त्यांच्या पंचांगात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं मला दाखवायचं. हे गुरुजींना सांगणार कोण?

डी-४०१: मी सांगतो. संध्याकाळी रामबागेत जातो. रागावले तर रागावू देत.

सी-१०१: मी येते तुमच्याबरोबर, काका. काकूंशीही बोलायला हवं, त्याच गाडीनं त्या भाजीला जातात.

बी-३०२: मग या सोमवारी ओंकारेश्वरला गाडी माझी, चालवेन मीच. सकाळी ५ ला निघू. आणखी दोघांची जागा आहे, कोणाला दर्शनाला यायचं असेल तर रविवारी रात्रीपर्यंत सांगा.