सामन्याआधी 'अबाइड विथ मी' गायचं आहे: पट्टी, कडवी, स्पीकर आणि रेफ्रीचे नियम

आल्टो_वसई (प्रश्न)

मंडळी, आमच्या धर्मग्रामाच्या युवकांची फुटबॉल स्पर्धा डिसेंबरात आहे. इंग्लंडच्या एफए कप फायनलला सामन्याआधी 'अबाइड विथ मी' हे इंग्रजी ख्रिस्ती स्तोत्र गातात, तसं अंतिम सामन्याआधी आपणही गावं असं ठरलं आहे. कॉयर १६ जणांचा. ब्रास बँड ९ जणांचा: ट्रम्पेट ३, ऑल्टो सॅक्स २, ट्रॉम्बोन २, युफोनियम १ आणि ड्रम १. प्रेक्षक सहा-सातशे येतील, त्यांतले निम्मे तरी ख्रिस्ती नाहीत. मैदान उघडं, स्पीकर दोन, सामना साडेचारला.

कोणती पट्टी घ्यावी? किती कडवी? लोकांना सोबत गायला कसं लावायचं? मराठीत गाता येईल का? शिवाय काही मुलांना जर्सीच्या आत बायबलच्या वचनाचे टी-शर्ट घालायचे आहेत आणि गळ्यातला क्रूस काढायचा नाही. ते चालतं का?

सारेगम_कॉयर

चाल चांगली निवडलीत. हेन्री फ्रान्सिस लाइटने शब्द १८४७ साली लिहिले, डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅमला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो नीसला वारला. आज सगळे गातात ती 'इव्हनटाइड' ही चाल विल्यम हेन्री मंकची, १८६१ ची. गर्दीला ती झेपते, कारण तिचा पल्ला सा ते ध एवढाच आहे. वरचा सासुद्धा लागत नाही. मैदानावर गायल्या जाणाऱ्या गाण्यांत इतका आटोपशीर पल्ला क्वचितच सापडतो.

ओळी अशा:
ग ग रे सा प, ध प प म ग
ग म प ध प, म रे ग म॑ प
ग ग रे सा प, प म म ग रे
रे ग म ग रे सा, म ग रे सा

लोक दोनच ठिकाणी चुकतात. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तीव्र मध्यम आहे (वर म॑ लिहिलाय तो), तिथे सगळे शुद्ध मध्यम लावतात आणि ओळ बोथट होते. तिसरी ओळ पहिलीसारखीच सुरू होते, म्हणून सवयीने लोक ध वर जातात. तिथे प वरच राहायचं आहे. या दोन जागा कॉयरने ठासून गायल्या की बाकीचे आपोआप मागे येतात. सगळी तालीम याच दोन जागांवर खर्च करा, उरलेली चाल कानावरून बसते.

पुस्तकात ती बहुधा ई फ्लॅटमध्ये, म्हणजे काळी दोनमध्ये असते. न शिकलेल्या गळ्यांसाठी मी पांढरी दोन घेईन.

कडवी दोनच, पहिलं आणि शेवटचं. एफए कपलाही हीच दोन गायची परंपरा आहे. मूळ आठ आहेत, पुस्तकांत साधारण पाच येतात. मैदानावर तिसऱ्या कडव्याला लोकांचं लक्ष उडतं. पण शेवटचं गाळू नका. मिटत्या डोळ्यांसमोर तुझा क्रूस धर, ही विनवणी त्यात आहे. तिच्याशिवाय हे नुसतं संध्याकाळचं गाणं उरतं. लिहिणारा आजारी होता आणि मरणाकडे बघत लिहीत होता, हे कॉयरला तालमीच्या पहिल्याच दिवशी सांगा. मग कोणी ते ओरडून गाणार नाही.

लय मिनिटाला ७६ मात्रा. एक कडवं १६ आवर्तनं, प्रत्येकी ४ मात्रांचं, म्हणजे ६४ मात्रा, साधारण ५० सेकंद. दोन कडवी आणि सुरुवातीचे सूर धरून दोन मिनिटांत काम होतं. ओळीच्या शेवटचा सूर चार मात्रांचा आहे. तीन मात्रा धरा, चौथीला श्वास घ्या. हे आधी ठरवलं नाही की निम्मे धरून ठेवतात, निम्मे पुढे पळतात.

पितळी_सूर

वरचं सगळं पटलं, पट्टी सोडून. ब्रास बँड सोबत असेल तर पांढरी दोन घेऊ नका. डी मेजरला बी फ्लॅट ट्रम्पेटच्या कागदावर ई मेजर येतो, चार शार्प. ऑल्टो सॅक्सला बी मेजर, पाच शार्प. लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या पोरांना हे दोन आठवड्यांत सफाईने वाजवता येत नाही. काळी दोन घ्या: ट्रम्पेटला एफ, एकच फ्लॅट, ऑल्टोला सी, काहीच नाही. गर्दीला त्याने काही फरक पडत नाही, सर्वांत वरचा ध फार तर मधल्या सीच्या वरचा सी होतो. पुरुष एक सप्तक खाली गातातच.

तो तीव्र मध्यम काळी दोनमध्ये ए नॅचरल. ट्रम्पेटच्या कागदावर तिथे बी नॅचरल आणि ऑल्टोच्या कागदावर एफ शार्प हवा. हाताने उतरवलेल्या कागदांत नेमकी ही खूण राहून जाते. मग कॉयर तीव्र गातो, बँड शुद्ध वाजवतो आणि सगळ्या मैदानाला ते ऐकू येतं. कागद वाटण्याआधी ही एक जागा प्रत्येकाच्या पानावर बोटाने तपासा.

वाटणी अशी ठेवा: पहिल्या कडव्यात एक ट्रम्पेट आणि एक ऑल्टो चालीवर, ट्रॉम्बोन आणि युफोनियम खालचे सूर धरून. बाकी दोन ट्रम्पेट गप्प. ते दुसऱ्या कडव्याला येऊ द्या. तिन्ही ट्रम्पेट पहिल्यापासून वाजले तर १६ जणांचा कॉयर बुडतो आणि लोकांना शब्द ऐकूच येत नाहीत. ड्रमला या गाण्यात काम नाही. रोलसुद्धा नको.

सुरुवातीला शेवटची ओळ एकदा वाजवा, ती चार आवर्तनांची आहे. ती सा वर उतरते, त्यामुळे लोकांच्या कानात सा पक्का बसतो. त्यानंतर एक मात्रा पूर्ण शांतता, मग सगळ्यांनी श्वास घ्यायचा आणि उचलायचं.

आणखी एक. दुपारच्या उन्हात पितळ तापतं आणि सूर चढतो. कीबोर्ड मात्र आहे तिथेच राहतो. तालीम संध्याकाळी एसी हॉलमध्ये आणि कार्यक्रम साडेचारच्या उन्हात, असं झालं की फरक लगेच कळतो. वाद्यं सावलीत ठेवा, गाण्याआधी पाच मिनिटं फुंकून घ्या, मगच कीबोर्डच्या सुराला लावा. चढलेली असतील तर ट्यूनिंग स्लाइड थोडी बाहेर. वेळच मिळाला नाही तर कीबोर्ड बंद ठेवा, नुसत्या बँडवर गा. तेही छान लागतं.

मैदानी_आवाज

स्पीकरबद्दल कोणी बोललं नाही, आणि अशा कार्यक्रमांचा विचका तिथेच होतो.

३० अंश तापमानात आवाज सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो. मैदानाची लांबी १०० मीटर धरली तर पलीकडच्या टोकाला तो जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा पोचतो. ७६ च्या लयीत एक मात्रा ०.७९ सेकंदांची. म्हणजे पलीकडचे लोक चांगली एक-तृतीयांशाहून जास्त मात्रा मागे गातात. त्यांचा आवाज परत तुमच्याकडे येतो तेव्हा तो दुप्पट मागे असतो. कॉयर तो ऐकून थांबतो, बँड कॉयरसाठी थांबतो, आणि ७६ ची लय दुसऱ्या कडव्यापर्यंत ६० वर येते.

म्हणून दोन स्पीकर दोन टोकांना लावू नका. दोन्ही एकाच जागी, मधल्या रेषेजवळ, कॉयरच्या बाजूला लावा आणि तोंडं थोडी बाहेरच्या बाजूला वळवा. कुठूनही आवाज एकाच दिशेने आला पाहिजे. उंची माणसाच्या डोक्याच्या वर, नाहीतर पहिल्या दोन रांगाच सगळं शोषून घेतात. कॉयर स्पीकरच्या किंचित मागे उभा करा, पुढे उभा केलात तर माइकची शिट्टी सुरू होईल.

इको किंवा रिव्हर्ब शून्य. उघड्या मैदानात शब्द आधीच पसरतात. कॉयरला दोन माइक पुरे, बँडला एकही नको.

ताल ऐकून नाही, बघून धरायचा. कॉयर मास्तर खुर्चीवर किंवा छोट्या मंचावर उभे राहोत, मोठे हात, शक्य तर पांढरा शर्ट. कॉयर आणि बँडची नजर त्यांच्यावर, गर्दीकडे कान द्यायचा नाही. गर्दी मागे राहिली तरी राहू द्या, प्रत्येक ओळीच्या शेवटच्या लांब सुरावर ती येऊन मिळते. या चालीचा हा मोठा उपकार आहे.

शिट्टी_क्रमांक४

नियमांचं सांगतो.

क्रूस, जपमाळ, स्कॅप्युलर, हातातला धागा, रबरी पट्टी, अंगठी: सगळं काढावं लागतं. खेळाच्या नियम ४ मध्ये दागिन्यांना सरसकट मनाई आहे, आणि वरून चिकटपट्टी लावून झाकणंही चालत नाही. यात धर्माचा प्रश्न नाही, गळ्यात साखळी अडकली की मान कापते. मुलांना आदल्या दिवशीच सांगा, म्हणजे मैदानावर आईच्या हातात क्रूस देताना कोणाला अपमान वाटणार नाही. फादरांनी ड्रेसिंग रूममध्ये प्रार्थना करून सगळ्यांचे क्रूस एका डबीत ठेवून घेतले तर आणखी चांगलं.

आतला टी-शर्ट: बाह्या जर्सीच्या बाहीच्याच रंगाच्या हव्यात, आणि त्यावर धार्मिक, राजकीय किंवा वैयक्तिक कोणताही मजकूर चालत नाही. पूर्वी हे इतकं कडक नव्हतं. २००७ च्या चॅम्पियन्स लीग फायनलनंतर अथेन्सला ब्राझीलचा खेळाडू काका (Kaká) याने आपण येशूचे आहोत असं सांगणारा टी-शर्ट घातला होता, तो फोटो तुमच्या मुलांनी पाहिलेला असणार. पण आतल्या शर्टावरच्या सगळ्याच संदेशांवर १ जून २०१४ पासून बंदी आली, चांगला असो वा वाईट. गोल केल्यावर जर्सी काढली किंवा डोक्यावर ओढली तर नियम १२ प्रमाणे पिवळं कार्ड, गोल रद्द झाला तरीही. नुसती वर उचलून वचन दाखवलं तर त्याची शिक्षा स्पर्धेचे आयोजक ठरवतात, आणि इथे आयोजक तुम्हीच आहात! म्हणून सामन्याआधी आतले शर्ट तपासून घ्या.

हा नियम सगळ्या साहित्याला लागू आहे: बूट, मनगटावरची पट्टी, कप्तानाचा दंडपट्टा. २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसचा कप्तान मार्क गेहीने इंद्रधनुषी दंडपट्ट्यावर येशूवरचं प्रेम लिहिलं, तेव्हा इंग्लिश एफएने क्लबला नियमाची आठवण करून दिली. पुढच्या सामन्यात त्याने पुन्हा लिहिलं. कारवाई मात्र झाली नाही.

चालतं काय? क्रूसाची खूण करणं, गुडघे टेकणं, आकाशाकडे बोट करणं, अंगावरचा टॅटू. वेळ वाया जात नसेल तर यातल्या कशालाच रेफ्री हरकत घेत नाही. शेवटच्या शिट्टीनंतर मैदानात रिंगण करून प्रार्थना करा, २००२ ला योकोहामात जर्मनीला २-० हरवून ब्राझीलचे खेळाडू तसेच बसले होते. बोलण्यावर तर बंधन नाहीच. जेमिमा रॉड्रिग्जने ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या आणि नंतर माइकवर सगळ्यांत आधी येशूचे आभार मानले. तुमच्या मुलांना साक्ष द्यायचीच असेल तर हा मार्ग मोकळा आहे, आणि शर्टापेक्षा तो लांब पोचतो.

स्तोत्र संघ मैदानात येण्याआधी घ्या. मग इतर धर्माच्या खेळाडूंना रांगेत उभं राहून हात जोडावेत की नाही हा प्रश्नच पडत नाही. राष्ट्रगीत संघ आल्यावर, वेगळं.

आल्टो_वसई

सगळ्यांचे आभार. काळी दोन पक्की, स्पीकर एकाच जागी, क्रूस डबीत. दोन गोष्टी राहिल्या: मराठीचं काय? आणि जोश यावा म्हणून 'यू विल नेव्हर वॉक अलोन'ही घ्यायचं म्हणतात काही जण.

सारेगम_कॉयर

दुसरं आधी. ते स्तोत्र नाही, 'कॅरोसेल' या १९४५ च्या संगीतिकेतलं गाणं आहे आणि अजून कॉपीराइटखाली आहे. जाहीर कार्यक्रमात घ्यायचं तर परवानगी लागते का ते आधी बघावं लागेल. 'अबाइड विथ मी'चे शब्द आणि चाल दोन्ही मोकळे आहेत. जोशच हवा असेल तर वेल्सचे रग्बी प्रेक्षक गातात ते 'कूम रोंडा' बघा, जॉन ह्यूजची १९०७ ची चाल, तीही मोकळी. पण तिची झेप मोठी आहे, शेवट वर चढतो आणि खालचे आवाज वेगळे उत्तर देतात. ती बक्षीस समारंभात एकट्या कॉयरने गावी.

मराठीत जरूर गा, फक्त भाषांतर करताना मात्रा सांभाळा. प्रत्येक ओळीत दहा अक्षरं आहेत. पहिल्या तीन ओळींत सुरांची लांबी अशी: २, १, १, २, २ आणि मग १, १, १, १, ४. म्हणजे पहिलं, चौथं, पाचवं आणि दहावं अक्षर दीर्घ हवं. शेवटच्या ओळीत मात्र लांबी २, १, १, १, १, १, १, २, २, ४ अशी आहे, म्हणून तिथे पहिलं, आठवं, नववं आणि दहावं. सगळे भाषांतरकार 'प्रभु' ने सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. 'प्र' ऱ्हस्व आहे, त्याला दोन मात्रा ताणलं की 'प्राभु' ऐकू येतं. नमुन्याला एक ओळ बांधून देतो:

देवा, राहा ना, रात्र आली ही

दे (ग, दोन मात्रा) वा (ग) रा (रे) हा (सा, दोन) ना (प, दोन), रा (ध) त्र (प) आ (प) ली (म) ही (ग, चार). एकच ऱ्हस्व अक्षर आहे, 'त्र', आणि ते एका मात्रेवर पडलंय. शेवटचं अक्षर ई, आ किंवा ए ने संपू द्या. 'घर', 'साथ' असे शब्द शेवटी आले की गाणारे चार मात्रा कशावर धरायच्या ते कळत नाही आणि 'साथअ' होतं.

पहिलं कडवं इंग्रजी आणि दुसरं मराठी, असा क्रम घ्या. बीटिंग रिट्रीटमुळे (प्रजासत्ताक दिनानंतर दिल्लीत होणारा लष्करी बँडचा सोहळा) ही चाल ख्रिस्ती नसलेल्या प्रेक्षकांच्याही कानात आहे. गांधीजींची ती आवडती होती, आणि २०२२ मध्ये काढेपर्यंत विजय चौकात ती दरवर्षी वाजत असे. मोठी माणसं पहिल्या कडव्यालाच गुणगुणू लागतील. शब्दांचे कागद छापा, पण दोन्ही कडवी एकाच बाजूला आणि मोठ्या अक्षरांत. पान उलटावं लागलं की शेवटचं कडवं कोणी गात नाही.