मदत हवी आहे: कोर्टाने अधिकाऱ्याला परत खुर्चीवर बसवले, पण मधल्या काळात गेलेल्या मुदतीचे काय?

नमस्कार मंडळी,

मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन आठवड्यांनी आमची मूट (सरावासाठीचा लुटुपुटूचा खटला) आहे आणि माझ्या वाट्याला मुदतीआधी हटवलेल्या पोलीसप्रमुखाची बाजू आली आहे. कलमं सापडली, निकाल सापडले. अडलंय ते अर्जाच्या शेवटी: कोर्टाकडे नेमकं मागायचं काय?

केरळच्या टी. पी. सेनकुमार यांचं प्रकरण वाचल्यापासून हे डोक्यातून जात नाही. मे २०१५ मध्ये ते राज्याचे पोलीसप्रमुख झाले. वर्षभराने सरकार बदललं आणि १ जून २०१६ला त्यांना हटवलं. पुट्टिंगल देवळातली दुर्घटना आणि पेरुंबावूरच्या कायद्याच्या विद्यार्थिनीचा खून, या दोन्हींवरून लोकांत पोलिसांबद्दल असंतोष आहे, हे कारण. ते कॅटमध्ये (सरकारी नोकरीचे वाद ऐकणारं केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण) हरले, हायकोर्टात हरले, आणि २४ एप्रिल २०१७ला सुप्रीम कोर्टात जिंकले. तरी खुर्ची मिळेना. सरकार खुलासा मागायला पुन्हा कोर्टात गेलं, तो अर्ज २५ हजारांचा खर्च लावून फेटाळला गेला, तेव्हा कुठे मे महिन्यात नेमणूक झाली. ३० जूनला ते निवृत्त झाले. अकरा महिने भांडून हाती आले दोन महिन्यांपेक्षाही कमी दिवस.

हा विषय मला जवळचा आहे. माझे बाबा नगरपालिकेत होते. एक चांगले मुख्याधिकारी मुदतीआधी बदलून गेले तेव्हा सगळे हळहळले, पण "निकाल लागेपर्यंत मुदतच संपेल" म्हणून ते कोर्टात गेले नाहीत. ते वाक्य खोटं ठरवायला कायद्यात काही आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, आधी शब्द पक्के करा. वर्तमानपत्रं सगळ्यालाच "हटवले" म्हणतात. बडतर्फी, सेवेतून काढणे किंवा पदावनती असेल तर घटनेचं कलम ३११ लागतं: चौकशी हवी, बाजू मांडायची संधी हवी. तुमच्या अशिलाची नोकरी शाबूत आहे, पगारही. गेलं ते पद. म्हणून ३११ वर भर देऊ नका, समोरचा पहिल्याच मिनिटात ते खोडून काढेल. तुमचं बळ किमान मुदतीत आहे: पोलीसप्रमुखाला किमान दोन वर्षांची मुदत द्या सांगणारा सुप्रीम कोर्टाचा प्रकाश सिंह निकाल (२००६) आणि राज्याचा पोलीस कायदा. सेनकुमार निकालाचा गाभाही तोच. "लोक नाराज आहेत" असं सरकारला वाटून भागत नाही, त्याला फाइलवर सबळ आधार लागतो.

राज्यपालांचं प्रकरण मात्र उदाहरण म्हणून घेऊ नका, तिथे अशी संरक्षित मुदत नाही. जुलै २००४ मध्ये गोव्यासह चार राज्यांचे राज्यपाल हटवले, बी. पी. सिंघल यांच्या याचिकेवर निकाल आला मे २०१० मध्ये. कारण कळवण्याची गरज नाही, पण निर्णय मनमानी किंवा दुष्ट हेतूचा नको, असं घटनापीठ म्हणालं. राज्यपालांची मुदत पाच वर्षांची. हिशोब तुम्हीच करा.

प्रतिसाद २

तुमच्या प्रश्नाचं उत्तर अंतिम निकालात शोधू नका, अंतरिम आदेशात, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशात शोधा. आलोक वर्मा प्रकरण बघा. २३ ऑक्टोबर २०१८च्या रात्री सीबीआय संचालकांचे अधिकार काढले. तीनच दिवसांत, २६ तारखेला, सुप्रीम कोर्टाने हंगामी प्रमुखांना धोरणात्मक निर्णय घ्यायला मनाई केली आणि दक्षता आयोगाच्या चौकशीला दोन आठवड्यांची मर्यादा घातली, तीही निवृत्त न्यायमूर्तींच्या देखरेखीखाली. म्हणजे खुर्ची परत मिळाली नाही, पण ती गोठवली गेली.

पुढचंही लक्षात ठेवा. ८ जानेवारी २०१९ला वर्मा परत आले, कारण सीबीआय संचालक निवडणाऱ्या समितीला न विचारता त्यांना बाजूला केलं होतं. पण धोरणात्मक निर्णयांची मनाई त्यांच्यावरही आली आणि विषय त्याच समितीकडे गेला. १० तारखेला समितीने दोन विरुद्ध एक मतांनी त्यांची बदली अग्निशमन सेवेच्या महासंचालकपदी केली. त्यांची मुदत ३१ जानेवारीपर्यंतच होती. त्यांनी नवं पद घेतलं नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ३११ वर चार पानं लिहिली होती, ती काढली. वर्मा प्रकरणातली मेख आत्ता कळली: कोर्टाने चूक पद्धतीत काढली, म्हणून पद्धत पाळून दोन दिवसांत तेच करता आलं. सेनकुमारांच्या बाबतीत कारणच टिकलं नाही, म्हणून ते निवृत्तीपर्यंत राहिले. त्यामुळे मी आधी कारणावर हल्ला करणार, पद्धतीवर नंतर.

मागणी आता अशी: नव्या प्रमुखाची नेमणूक निकालाच्या अधीन राहावी, मूळ फाइल पहिल्याच तारखेला कोर्टापुढे यावी, आणि सुनावणी ठरावीक आठवड्यांत संपावी. गेलेले महिने मुदतीत जोडून द्यावेत हेही मागायचा मोह होतोय, पण निवृत्तीचं वय आडवं येतं. ते मागितल्याने बाकीची मागणी हलकी पडेल का? कॅटपुढे अंतरिम अर्ज प्रत्यक्ष चालवलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल. मसुदा रविवारी द्यायचा आहे.