हशाचा शब्द शेवटी हवा
स्टँड-अप कॉमेडीत, म्हणजे मंचावर एकट्याने लोकांना हसवताना, विनोद हिंदी-इंग्रजीत चटकन बसतो, मराठीत पसरतो, असं काही जण म्हणतात. पसरतो हे खरं, पण दोष भाषेचा नाही. आपलं वाक्य ‘होता’, ‘म्हणाला’वर संपतं आणि ज्या शब्दावर हसू यायचं, तो आधीच निघून जातो.

अंधेरीच्या एका ओपन माइकला (कुणीही मंचावर येऊन विनोद करून बघावा, असा कार्यक्रम) मी म्हणालो, ‘विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर माझे सासरे बसले होते.’ (चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकाच्या कडेला कसंबसं टेकायची जागा.) शांतता. पुढच्या आठवड्यात तेच असं म्हटलं: ‘विरार लोकल, चौथी सीट, आणि अवघडून बसलेत कोण? माझे सासरे!’ हॉल हसला. मराठीत शब्द मागेपुढे करायची केवढी मोकळीक आहे, ती वापरा ना! आणि आपला प्रत्येक सेट, म्हणजे मंचावरचं सादरीकरण, फोनवर रेकॉर्ड करून ऐका. हशा फुटताना आपण अजून ‘होते’ उच्चारत असलो, तर लोक पुढचं ऐकायला हसणं आवरतात.