म्युझस्कोर ४ मध्ये 'दुगुन'ची (दुप्पट लयीची) स्वतःची खूण कशी बनवायची? मदत हवी आहे

गणपतीच्या कार्यक्रमासाठी व्हायोलिन-हार्मोनियमचं नोटेशन (स्वरलेखन) म्युझस्कोर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करतोय, विंडोजवर. लय बदलते तिथे बाण आणि 'दुगुन' असं देवनागरीत दिसायला हवं आणि प्लेबॅकही दुप्पट व्हायला हवा, कारण पोरं घरी ऐकूनच रियाज करतात. स्टाफ टेक्स्ट (ओळीवरचा साधा मजकूर) टाकलं तर नुसतं दिसतं, वेग तोच. टेम्पो टेक्स्ट (वेग ठरवणारा मजकूर) टाकून बीपीएम (मिनिटाला ठोके) हाताने १६० केलं, ते चालतं, पॅलेटमध्ये (तयार खुणांच्या यादीत) सेव्हही झालं, पण दुसऱ्या बंदिशीची लय ७२ आहे तिथे १४४ हवं ना, आकडा दरवेळी बदलायचा म्हणजे चूक होणारच. मेट्रिक मॉड्युलेशनमध्ये (जुन्या लयीवरून नवी लय ठरवणारी तयार खूण) हिशोब आपोआप होतो पण तिथे 'ही नोट = ती नोट' अशी नोटांची चिन्हं दिसतात, मला फक्त बाण आणि शब्द हवाय, प्रत्येक वादकाच्या पार्टमध्ये (त्याच्या वेगळ्या प्रतीत) सुद्धा. विकतचं सॉफ्टवेअर नको. चालू लयीच्या दुप्पट वाजेल अशी एकच खूण पॅलेटमध्ये ठेवता येते का, कशी?