मदत हवी आहे: रत्नागिरीत राहून, ओळख न फुटता किंकवाली माणसं कशी शोधावीत?

भाट्ये_पूल:
वय २९, स्त्री, रत्नागिरी शहर. परस्परसंमतीने सूत्रं दुसऱ्याच्या हाती देणं, दोरीने बांधून घेणं ही माझी ओढ, म्हणजेच किंक, आहे. मला ती लपवायची आहे ती लाज वाटते म्हणून नव्हे. इथे मारुती मंदिरच्या नाक्यावर पाच मिनिटं थांबलं तरी "कुणाची गो तू?" विचारणारं कुणीतरी भेटतंच. तीन प्रश्न आहेत. माणसं कुठे शोधायची? समोरचा भरवशाचा आहे हे कसं ओळखायचं? आणि समुपदेशकाला हे सांगावं का?

सुकाणू:
ताई, पहिली गोष्ट म्हणजे रत्नागिरीत शोधू नका. एवढ्या शहरात दोन ओळखींमागे तिसरी घरातलीच निघते. फेटलाइफ या किंकवाल्यांच्या सोशल साइटवर (२००८पासून चालू आहे) खातं उघडा, पण ठिकाण मुंबई किंवा पुणे टाका. ईमेल नवा घ्या आणि टोपणनाव असं ठेवा की ते तुम्ही दुसरीकडे कुठेच वापरलेलं नाही. तिथल्या कुणालाही रोजचा मोबाईल नंबर देऊ नका. ट्रूकॉलरवर तो टाकला की लोकांनी सेव्ह केलेलं नाव समोर येतं, आणि इन्स्टाग्राम कॉन्टॅक्ट वाचून तुम्हाला त्याच्या "ओळखीचे असतील" यादीत बसवू शकतं. बोलायला सिग्नल हे मेसेजिंग ॲप वापरा. त्यात युजरनेम घेता येतं, मात्र "नंबरवरून मला कोण शोधू शकतं" ही सेटिंग स्वतः जाऊन "कुणालाही नाही" करा.

फोटोत चेहरा नसला की झालं, असं बहुतेकांना वाटतं आणि तिथेच फसगत होते. अंगणातलं वृंदावन, खिडकीतून दिसणारा भगवती किल्ल्याचा दीपस्तंभ, हातावरचं गोंदण, नेहमीच्या बांगड्या, यातलं काहीही पुरतं. फोटोसोबत जागेची नोंदही जाते, म्हणून कॅमेऱ्याची लोकेशन बंद ठेवा. गूगल फोटोजचा बॅकअपही तपासा, घरातल्या टीव्हीवर तेच खातं लॉगिन असू शकतं.

प्रत्यक्ष भेटीची सुरुवात मंचपासून करा. मंच म्हणजे हॉटेलात साध्या कपड्यांत चहा-कॉफीवर गप्पा. तिथे कुणी काही "करत" नाही. आयोजकाला आधी चार गोष्टी विचाराव्यात: फोटो काढायला बंदी आहे का, खरं नाव सांगावं लागतं का, तक्रार कुणाकडे करायची, आणि एकट्या आलेल्या स्त्रीसोबत कुणी थांबतं का. उत्तरं गुळमुळीत मिळाली तर जाऊ नका. किंकी कलेक्टिव्ह हा भारतीय गट २०११पासून या विषयावर जाणीवजागृती करतो, त्यांचं लिखाण आधी वाचा.

जाण्यायेण्याचं म्हणाल, तर रात्रीची कोकणकन्या धरली की पहाटे मुंबई, आणि त्याच रात्री परतीची धरली की उजाडताना रत्नागिरी. लॉजचा मुक्काम वाचतो आणि आधारची झेरॉक्सही द्यावी लागत नाही.

सुंभ_नको:
भरवशाचं माणूस "नाही" ऐकल्यावर कसं वागतं ते बघा. एखादी छोटी गोष्ट मुद्दाम नाकारा, भेटीची वेळ बदला. रुसला, टोमणा मारला, "खऱ्या समर्पणात थांबायचा शब्द लागत नाही" म्हणाला, की विषय संपला. पहिल्याच आठवड्यात गणपतीपुळ्याच्या लॉजवर बोलावणारा आणि आधी फोटो मागणारा, दोघेही त्याच यादीत.

पुढे गेलात तर काय चालेल, काय अजिबात नाही, कुठली दुखणी आहेत, हे आधी लिहून ठरवा, ऐन वेळी काही वाढवायचं नाही. शब्द साधे ठेवा: पिवळा म्हणजे सावकाश, लाल म्हणजे लगेच सोड. तोंडाने बोलता येणार नसेल तर हातात किल्ल्या धरा. त्या पडल्या की लाल.

दोरीबद्दल नीट सांगते, कारण इथे गफलत होते. बंदरावरची नायलॉनची दोरी स्वस्त आणि हाताशी असते, पण ती घसरते, गाठ आवळत जाते आणि ओढताना कातडी भाजते. काथ्याचं सुंभ टोचतं, त्याचे तंतू त्वचेत शिरतात. तागाची, साधारण ६ मिलिमीटर जाडीची, ८ मीटर लांबीची दोरी योग्य. पावसाळ्यात तिला बुरशी धरते, तेव्हा वाऱ्यावर वाळवून कोरड्या डब्यात ठेवा. दोरीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. दंडाच्या बाहेरच्या बाजूने कातडीजवळून एक नस जाते. तिथे दाब बसला तर मनगट लुळं पडतं आणि सुधारायला आठवडे लागू शकतात. मुंग्या आल्या, बोटं वर उचलता येईनात, तर थांबून बघत बसायचं नाही, लगेच सोडायचं. म्हणून बोथट टोकाची कात्री हाताच्या अंतरावर हवीच. बांधलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. आणि गळ्याला दोरी कधीच नाही, त्याची सुरक्षित रीत अस्तित्वातच नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मन उगाच खाली जाऊ शकतं. तेव्हा कोण कुणाला फोन करणार हेही आधीच ठरवा.

मनमोकळं:
समुपदेशकाला जरूर सांगा. २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतून संमतीच्या अशा आवडी विकार म्हणून काढून टाकल्या आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७चं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. पण पहिल्याच भेटीत सगळं उघडू नका. आधी विचारा, "संमतीच्या किंककडे तुम्ही कसं पाहता?" "लग्न झालं की जाईल" असं उत्तर आलं तर दुसरा शोधा, गावाबाहेरचा, ऑनलाइन. ओळखीतल्या डॉक्टरकडे नकोच.

भाट्ये_पूल:
खूप आभार. कुणी स्क्रीनशॉट दाखवून पैसे मागितले तर?

कलम_दाखल:
एक रुपयाही देऊ नका, पहिला हप्ता दिला की दुसरा मागणारच. ब्लॉक करण्याआधी प्रोफाइलची लिंक, नंबर, यूपीआय आयडी, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट जपून ठेवा. मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. खंडणी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८मध्ये येते, आणि खाजगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई मध्ये, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. स्टॉपएनसीआयआय या सेवेत फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त त्याचा सांकेतिक ठसा जातो आणि सहभागी साइट त्यावरून तो अडवतात.

एक गोष्ट दोघांनीही ध्यानात ठेवा: संहितेच्या कलम २५प्रमाणे संमतीचं संरक्षण गंभीर दुखापतीपर्यंत पोचत नाही. हाड मोडू शकतं हे माहीत असून केलं तर "तिनेच सांगितलं होतं" हा बचाव टिकत नाही.

सुकाणू:
ताई, पहिल्या मंचला जाताना एका विश्वासू मैत्रिणीला ठिकाण आणि परतीच्या गाडीची वेळ सांगून ठेवा. कारण सांगायची गरज नाही. ठरलेल्या वेळी तुमचा फोन आला नाही तर तिने करायचा, एवढंच.