हिटलर काय फक्त व्हर्सायच्या तहामुळे आला?

पिंपळपार (धागाकर्ता)

परवा भाचीचा इतिहासाचा अभ्यास घेत होतो. हिटलरच्या उदयाची कारणं काय, तर व्हर्सायचा तह, अपमान, महामंदी आणि त्याचं वक्तृत्व. चार मुद्दे चार मार्क, पान उलटा. ज्यूंचं नाव शेवटी एका ओळीत, 'हिटलर ज्यूद्वेष्टा होता'. म्हणजे एखाद्याला मधुमेह असतो तसा याला ज्यूद्वेष होता, त्याचा त्याला, बाकी घर ठणठणीत!

माझं म्हणणं असंय की हे लोणचं युरोपच्या माळ्यावर आठशे-नऊशे वर्षं मुरत होतं, याने फक्त बरणी खाली काढली. १०९६ ला पहिल्या क्रुसेडला, म्हणजे ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धाला, निघालेल्या टोळ्यांनी जेरुसलेम गाठायच्या आधीच ऱ्हाइनकाठी वर्म्स आणि माइन्झमधल्या ज्यूंना कापून काढलं. ११४४ ला इंग्लंडात नॉरिचला एक पोरगा मेलेला सापडला, पुढे ज्यूंनीच धार्मिक विधीसाठी मारला अशी आवई उठली आणि ती आवई युरोपभर शेकडो वर्षं फिरत राहिली. १२१५ ला पोपच्या परिषदेत ठरलं की ज्यूंनी वेगळे ओळखू येतील असे कपडे घालायचे. इंग्लंडने १२९० ला हाकलले, स्पेनने १४९२ ला, व्हेनिसने १५१६ ला एका वस्तीत कोंडून रात्री दारं बंद करायला सुरुवात केली, घेट्टो हा शब्दच तिथला. मग सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनीत ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा सक्तीचा झाला त्यात नवीन डोकं काय लावलं यांनी? सगळं तयार होतं. बोला.

हिशेबनीस

धागा चांगला पण असहमत, आणि आकडे घेऊनच असहमत.

मे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मतं किती, २.६ टक्के. जागा १२. तुमचं नऊशे वर्षांचं लोणचं तेव्हा कुठे होतं? तेच हिटलर, तीच भाषणं, तोच ज्यूद्वेष, उलट १९२० च्या पक्षाच्या कार्यक्रमात चौथं कलम सरळ लिहिलेलं की ज्यू हा जर्मन नागरिक होऊ शकत नाही. लोकांनी हिंग लावून विचारलं नाही. मग १९२९ ला बाजार कोसळला, सप्टेंबर १९३० ला १८.३ टक्के, जुलै १९३२ ला ३७.३. बेकार साठ लाखांच्या घरात गेले होते त्या वर्षी. दोन वर्षांत जर्मन माणूस अचानक ज्यादा ज्यूद्वेष्टा झाला का? नाही. खिसा रिकामा झाला, चॅन्सेलर ब्र्युनिंगने पगार कापले, कर वाढवले, संसदेला बाजूला ठेवून राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवर कारभार चालवला, लोक वैतागले.

आणि अजून एक. १९०० साली एखाद्या ज्यू माणसाला विचारलं असतं की बाबा तुला भीती कुठली, तर तो रशिया म्हणाला असता, १८८१ पासून तिथे ज्यूंविरुद्ध दंगली चालू होत्या. फार तर फ्रान्स म्हणाला असता, ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला १८९४ ला खोट्या देशद्रोहात अडकवलं तो देश. जर्मनी म्हणजे सुरक्षित, शिकलेला, कायद्याने १८७१ पासून समान हक्क देणारा. रशियातून पळालेले ज्यू हॅम्बुर्गला येऊन अमेरिकेची बोट पकडायचे.

शंकासुर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचा काश्मीर व्हायला किती प्रतिसाद लागतात बघू.

म्युनिकवाली

हिशेबनीस, आकडे बरोबर आहेत तुमचे, पण एक सांगते. गेल्या डिसेंबरात आम्ही न्युरेंबर्गच्या ख्रिसमस बाजारात गेलो होतो. मोठा चौक, समोर सुंदर चर्च, फ्राउएनकिर्शं, पोरं गरम वाइनचे मग घेऊन फोटो काढतायत. मी मात्र आधी वाचून गेले होते (चूक केली, मजा जाते). तो चौक म्हणजे ज्यूंची वस्ती होती आणि चर्च उभं आहे ते त्यांच्या सिनॅगॉगच्या (प्रार्थनास्थळाच्या) जागेवर. १३४९ ला प्लेगच्या काळात, ज्यूंनी विहिरींत विष घातलं म्हणून सगळीकडे कत्तली चालू होत्या, न्युरेंबर्गमध्ये तर राजा चौथ्या कार्लने (पुढे सम्राट झाला तो) वस्ती पाडून चौक करायची परवानगी आधीच देऊन ठेवलेली! डिसेंबरात साडेपाचशेहून जास्त माणसं मारली. त्यांची ज्यांच्याकडे येणी होती त्यांची कर्जं बुडाली, म्हणजे सुटली. हाच चौक पुढे ॲडॉल्फ-हिटलर-प्लाट्झ झाला आणि पक्षाच्या मेळाव्याची संचलनं इथूनच जायची.

आता तुम्ही म्हणाल हा योगायोग. पण फोख्टलेंडर आणि फोथ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली नेमकं हेच तपासलं, १३४९ ला जिथे ज्यूंच्या कत्तली झाल्या ती गावं आणि जिथे ज्यू असूनही झाल्या नाहीत ती गावं. पहिल्या प्रकारच्या गावांत १९२० च्या दशकात ज्यूंवर हल्ले जास्त, १९२८ ला नाझींना मतं जास्त, नंतर छळछावण्यांकडे पाठवणीही जास्त. तुमचे ते २.६ टक्के सगळीकडे सारखे पसरलेले नव्हते हो.

पिंपळपार

म्युनिकवाली, +१००. हे माहीत नव्हतं.

स्वयंभू_विचारवंत

सगळे एकच बाजू मांडताय. ज्यू व्याजाचा धंदा करायचे, बँका त्यांच्या, पेपर त्यांचे, लोक चिडणारच ना. आणि हिटलरने बेकारी संपवली, रस्ते बांधले, शिस्त लावली हे पण बोला की. आमच्या इथे फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र मराठीत मिळतं आणि खपतं, उगाच नाही.

हिशेबनीस

आलात का. धागाकर्त्याशी माझं भांडण आहे पण तुमच्याशी जास्त आहे.

ख्रिश्चनांनी व्याज घेणं चर्चने पाप ठरवलेलं. ज्यूंना जमीन घेता येत नव्हती, कारागिरांचे संघ म्हणजे गिल्ड त्यांना आत घेत नव्हते, मग उरलं काय, जुने कपडे, फेरीचा माल आणि सावकारी. आधी एकच दार उघडं ठेवायचं आणि मग म्हणायचं बघा हे नेहमी याच दारातून येतात. आणि सावकारीतला पैसा तरी कुठे राहायचा, ज्यू म्हणजे सम्राटाच्या खजिन्याची मालमत्ता, पाहिजे तेव्हा कर लावून पिळायचे. १९३३ ला जर्मनीत ज्यू होते साधारण पाच लाख, लोकसंख्येच्या एक टक्का पण नाहीत, त्यात बहुतेक लहान दुकानदार, व्यापारी, कारकून. पहिल्या महायुद्धात जवळपास एक लाख जर्मन ज्यू लढले, बारा हजार मेले. तरी १९१६ ला सैन्याने 'ज्यू आघाडीवर जायचं टाळतात का' म्हणून मोजणी काढली आणि निकाल जाहीरच केला नाही. का नसेल केला, विचार करा.

रस्त्यांचं म्हणाल तर कोलोन ते बॉन हा मोटाररस्ता ऑगस्ट १९३२ ला सुरू झाला, उद्घाटन कोलोनचे महापौर आडेनाउअर यांनी केलं. हिटलर तेव्हा चॅन्सेलर नव्हता. बेकारी कमी झाली ती शस्त्रांच्या कारखान्यांनी, १९३५ च्या सक्तीच्या भरतीने, आणि ज्यूंना नोकरीतून काढून त्यांना बेकारांत न मोजण्याने.

फुटपाथवर काय काय खपतं त्यावर इतिहास ठरवायचा तर अवघड आहे.

कोकणकडा

अवांतर: आमच्या अलिबागकडे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, होते, शनिवार तेली म्हणायचे त्यांना. शनिवारी घाणा बंद म्हणून. घरात मराठी, सणाला पुरणपोळी पण चालायची. कधी कोणी बोट लावलं नाही. आपल्याकडे हा प्रकार नव्हताच.

म्युनिकवाली

कोकणकडा, खरंय, पण नावातच 'तेली' आहे बघा. आपण त्यांना हाकललं नाही, जातीच्या उतरंडीत एक पायरी दिली आणि विषय संपवला. पाठ थोपटून घ्यायच्या आधी जरा दम खाऊ. असो, मूळ मुद्द्यावर या.

जुनापाना

मी दोघांच्या मधे पडतो, फटके खायची तयारी ठेवून.

पिंपळपार जे सांगतायत तो बराचसा धर्माचा द्वेष आहे. येशूला मारणारे म्हणून. त्यातून सुटायची एक फट होती, बाप्तिस्मा घ्या. जर्मन ज्यू कवी हाइनेने १८२५ ला घेतला आणि त्याला युरोपीय संस्कृतीचं प्रवेशपत्र म्हटलं. १८७९ च्या सुमारास विल्हेल्म मार नावाच्या पत्रकाराने 'ज्यूविरोधी संघटना' काढली आणि अँटिसेमिटिझम हा शब्द चलनात आणला, त्याचा रोखच वेगळा होता, धर्म नाही, रक्त. त्याच वर्षी ट्राइट्श्के, बर्लिनचा नावाजलेला प्राध्यापक, लिहून गेला की ज्यू आमचं दुर्दैव आहेत. प्राध्यापक हो! पुढे तेच वाक्य नाझींच्या 'श्ट्युर्मर' साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर खाली छापून यायचं. व्हिएन्नात कार्ल लुएगर याच भांडवलावर १८९७ पासून महापौर, आणि तरुण हिटलर तेव्हा त्याच शहरात राहून गेला. फट बुजली ती इथे. एडिथ श्टाइन ज्यू घरातली, कॅथलिक झाली, जोगीण झाली, तरी १९४२ ला आउशवित्झमध्ये मारली. चौदाव्या शतकात बाप्तिस्मा घेऊन काही जण तरी वाचले होते.

म्हणून १०९६ पासून थेट रेघ ओढू नका. रेघ आहे पण मधे एक सांधा बदललाय.

हिशेबनीस

जुनापाना, हे पटलं. आता माझा हुकमाचा पत्ता. जुना धार्मिक द्वेष जर मतं देत असेल तर कॅथलिक भागांत नाझी धो धो चालायला हवे होते, त्या सगळ्या रक्ताच्या आणि विहिरीच्या कथा त्यांच्याच ना. प्रत्यक्षात कॅथलिक लोक आपल्या सेंटर पार्टीला धरून राहिले आणि नाझींना भरभरून मतं दिली ती उत्तरेकडच्या प्रोटेस्टंट शेतकऱ्यांनी. श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये जुलै १९३२ ला ५१ टक्के. तिथे ज्यू औषधाला नव्हते. शेतमालाचे भाव पडले होते आणि जमिनी लिलावात जात होत्या. विल्यम शेरिडन ॲलन या इतिहासकाराने नॉर्टहाइम या लहानशा गावाचा अभ्यास केला, त्याचा निष्कर्ष असा की लोक नाझींकडे ओढले गेले म्हणून ज्यूद्वेषाकडे गेले, उलटं नाही.

आणि सत्ता? नोव्हेंबर १९३२ ला मतं घसरली, ३३.१ वर, वीस लाख मतं गेली, ३४ जागा गेल्या. पक्ष कर्जात. तेव्हा जानेवारीत माजी चॅन्सेलर फॉन पापेन साहेब कोलोनला एका बँकवाल्याच्या घरी हिटलरला भेटले आणि ३० जानेवारीला म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने त्याला चॅन्सेलर करायला सही केली. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तीनच. याला आपण मुठीत ठेवू असा त्या सरदारांचा हिशेब. यात नॉरिचचा पोरगा कुठे बसतो?

पिंपळपार

लूथर तर प्रोटेस्टंट पंथाचा संस्थापकच ना. १५४३ ला त्याने लिहिलं ज्यूंची सिनॅगॉग जाळा, घरं पाडा. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री नाझींनी ते अक्षरशः केलं. युद्धानंतर न्युरेंबर्गच्या खटल्यात श्ट्युर्मरवाला श्ट्राइखर म्हणालाच की लूथर असता तर माझ्या जागी तोही उभा असता.

आणि 'पोट रिकामं म्हणून मत' हे पण पूर्ण खरं नाही हिशेबनीस. बेकार मजूर जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले. उलट विद्यापीठातल्या पोरांची देशव्यापी संघटना नाझींनी १९३१ मध्येच ताब्यात घेतली होती, ही वकील-डॉक्टर होणारी पोरं. यांना कोणी उपाशी ठेवलं नव्हतं, यांना ज्यू वर्गमित्राची जागा पाहिजे होती. एप्रिल १९३३ ला सरकारी नोकरीतून ज्यूंना काढायचा कायदा आला तेव्हा खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि भरल्याही. कोणी हुं की चूं केलं नाही. मत कशासाठी दिलं हे एक, पण दिल्यावर जे चाललंय ते बघून गप्प का बसले हे दुसरं. माझा धागा खरं तर दुसऱ्याबद्दल आहे, मांडताना घोळ घातला मी.

आणि तुमचे कॅथलिक. २३ मार्च १९३३ ला हिटलरला सगळे अधिकार देणारा कायदा आला, ४४४ विरुद्ध ९४. विरोधात फक्त सोशल डेमोक्रॅट. सेंटर पार्टीने बाजूने मत दिलं.

हिशेबनीस

गप्प का बसले यावर मी तुमच्याबरोबर. मत का दिलं यावर नाही. अर्धा धागा मान्य करतो, अर्धा लिलावात.

म्युनिकवाली, त्या १३४९ वाल्या अभ्यासात एक गंमत आहे, तुम्ही सोयीस्कर विसरलात. हॅन्सा, म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा जुना संघ, त्यातली जी शहरं, म्हणजे जिथे दूरदूरचे लोक शतकानुशतकं ये-जा करत होते, तिथे हा जुना द्वेष टिकलेला दिसत नाही. म्हणजे लोणचं आपोआप मुरत नाही, बरणी बंद ठेवावी लागते.

म्युनिकवाली

विसरले नव्हते, शेवटी टाकणार होते.

पण हॅम्बुर्ग हॅन्साचंच शहर. २५ ऑक्टोबर १९४१ ला तिथूनही ज्यूंनी भरलेली गाडी सुटली, पोलंडमधल्या लोड्झच्या घेट्टोकडे. वेळेवर.